पंचमीचा मुराळी

मलकापूर, कराड
१२ फेब्रुवारी २०२४

दादा,

तीर्थरूप, साष्टांग वगैरे पुढच्या पत्रात. आधी भांडण.

फोन तू उचलत नाहीस. माझा नाही, यशराजचा नाही. शिवांजली वहिनीच्या फोनवरून केला तर माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. म्हणून हे पत्र. युनिटमध्ये नावानं टपाल आलं की तुझ्यासारख्या हवालदारसाहेबांनाही ते घ्यावंच लागतं, एवढं फौजेतलं मला कळतं. वाचायचं नसेल तर उशाखाली ठेव. मी लिहीत राहणार.

गेल्या महिन्यात कराडच्या दवाखान्यातून मी उठून घरी आले, ते तुला तोंडघशी पाडायला नाही. तू सुट्टी मागून आलास, डॉक्टर गाठलेस, ऑपरेशनची तारीख घेतलीस, रक्ताची सोय केलीस. सगळं खरं. आबा गेल्यापासून घरचा कर्ता तूच, तेही खरं. फक्त मला विचारायचं तेवढं राहिलं. "काडून टाका डाक्टर पिशवी, एकदाची कटकट मिटंल," असं तू म्हणालास तेव्हा मी शेजारीच पलंगावर बसले होते रे. सुई हातात होती, कानात नव्हती.

आणि मग व्हरांड्यात यशराजला काय बोललास? "नातू पायजे म्हनून माज्या भनीला मारताय व्हय रं?" सगळ्या वॉर्डानं ऐकलं. माझ्या सासूबाईंनी ऐकलं. यशराजनं मला धरून खाली आणलं आणि रिक्षात बसवलं.

तू ऐकून घ्यायला थांबला नाहीस, म्हणून आता लिहिते. नातवाचं आमच्या घरात कुणी काही म्हटलेलं नव्हतं. उलट आदल्याच दिवशी सासूबाई माझ्या पायांना तेल लावत म्हणाल्या, "काडून टाक बाय. नातू न्हाई मिळाला तर न्हाई. सून कुटनं आनू दुसरी?" म्हणजे त्या तुझ्याच पार्टीच्या. विरोधी पक्षात मी एकटीच.

मला पिशवी ठेवायची आहे, दादा. बाळासाठी? हो, त्यासाठीही. लग्नाला आठ वर्षं झाली, एकदा राहिलं आणि तिसऱ्या महिन्यात गेलं, ते तुला माहीत आहे. पण तेवढंच नाही. माझ्या पोटातली गोष्ट आहे. ती बिघडली असेल तर आधी दुरुस्त होते का बघू, एवढंच माझं म्हणणं. तू जुना ट्रॅक्टर भंगारात घालायच्या आधी चार मिस्त्र्यांना दाखवलास. बहिणीला एकाच डॉक्टरात निकालात काढलंस.

बाकी मी ठणठणीत आहे. काळजी नसावी.

तुझी (तू मान किंवा नको मानू)
अंकिता


मलकापूर
७ एप्रिल २०२४

दादा,

ठणठणीत लिहिलं होतं ती थाप होती.

फेब्रुवारीतच मी रोपवाटिकेत पडले. उसाच्या रोपांचे ट्रे गाडीत चढवायचे होते, बायका कमी होत्या, म्हणून मीही हात लावला. शुद्धीवर आले तेव्हा ट्रे छातीवर आणि कोकोपीट तोंडात. पाळीचा तिसरा दिवस होता. चादरी, जुन्या साड्या, काही पुरत नव्हतं. दुखणं तर असं की दात ओठांत रुतायचे. हिमोग्लोबिन सहाच्या खाली गेलं होतं. हे तुला कळलं असतं तर तू रणगाडा घेऊन आला असतास, म्हणून लपवलं.

तुझा राग कुठून येतो ते मला कळतं, दादा. आईचं असंच चाललं होतं. ती कुणाला बोलली नाही, आणि घरातल्या कुणी विचारलं नाही, कारण बाईचं दुखणं. तू ट्रेनिंगला होतास. पोचलास तेव्हा राखसुद्धा सावडून झाली होती. तुला वाटतं, तेव्हा आईची पिशवी कुणी काढली असती तर ती आज असती. मलाही तसंच वाटतं. कराडचे डॉक्टरही काही खोटं सांगत नव्हते. पिशवी काढणं हा या आजाराचा खात्रीचा इलाज आहे. पण आईला मारलं ते पिशवीनं नाही, न बोलण्यानं. मी तर बोलतेय. इतकं बोलतेय की तू फोन उचलणं बंद केलंस.

आता खरी बातमी. यशराजनं मला मिरजेला नेलं. डॉक्टर स्वानंदी म्हणून आहेत, माझ्याहून थोड्या मोठ्या. त्यांनी एमआरआय काढला आणि भिंतीवर लावून अर्धा तास आम्हाला समजावलं. आजाराचं नाव अ‍ॅडिनोमायोसिस. यशराज म्हणाला, एखाद्या नव्या खताचं नाव वाटतंय. पिशवीच्या आतलं अस्तर बाहेरच्या जाड भिंतीत शिरतं आणि दर महिन्याला तिथंच सुजतं, तिथंच रक्त सोडतं. माझी पिशवी पाच महिन्यांच्या पोटाएवढी झाली होती. साधी गाठ असती तर वेगळी सोलून काढता आली असती. हे पिठात मीठ मिसळल्यासारखं असतं, त्याला कड नाही. गोळ्या झाल्या होत्या, आत बसवायचं औषधाचं साधनही झालं होतं, ते तर आपोआप बाहेर पडलं.

मी विचारलं, "बिघडलेलं तेवढं काढून बाकीचं ठेवता येईल का?"

त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत, म्हणून माझा विश्वास बसला. म्हणाल्या, "येतं. पण अवघड ऑपरेशन आहे, सगळ्यांना करत नाही. भिंत उघडायची, आजारी मांस जमेल तेवढं काढायचं आणि राहिलेल्या चांगल्या भिंतीचे पदर एकावर एक घेऊन पिशवी पुन्हा बांधायची. रक्त थांबलं नाही तर काढावी लागेल. राहिली तरी आजार परत येऊ शकतो. आणि दिवस गेले तर भिंत फाटण्याचा धोका असतो, नजरेखाली राहावं लागेल, बाळंतपण सिझेरियननंच."

परत येताना गाडीत मला आपला ऊस आठवला. लागणीसाठी आलेलं कांडं निम्मं कुजलेलं असलं तरी आपण टाकून देत नाही. कुजलेलं छाटायचं, कोंब फुटायचा डोळा शाबूत असेल तेवढा तुकडा ट्रेमध्ये लावायचा. रोप येतं. माझं तसंच करायचं आहे. हे मी कुणाला बोलले नाही, डॉक्टरांना तर नाहीच, हसतील म्हणून. तुला लिहिलं, कारण डोळे काढायला आबांनी आपल्या दोघांना एकत्रच शिकवलं.

आता दर महिन्याला एक इंजेक्शन आहे. त्यानं पाळी बंद राहते, पिशवी थोडी आकसते, आणि तेवढ्यात शिरेतून लोहाच्या बाटल्या देऊन रक्त वाढवायचं. तेहतिसाव्या वर्षी म्हातारपणाच्या वाफा अंगातून निघतात. सासूबाई पदरानं वारा घालतात आणि म्हणतात, "माज्या आदी तुज्या वाफा. काय हे!"

अंकिता


मलकापूर
२१ जुलै २०२४

दादा,

तारीख ठरली. ९ ऑगस्ट, शुक्रवार.

पंचांग बघू नकोस, मीच सांगते. नागपंचमी.

नागांच्या शिराळ्यात जन्मलेल्या पोरीनं पंचमीला पोट चिरून घ्यायचं! तुझ्या तोंडून आता जे काय निघालं असेल ते मला मलकापुरात ऐकू आलं. पण आधी कारण ऐक. हे ऑपरेशन लांबतं. सांगलीहून दुसरे मोठे डॉक्टर मदतीला येणार, त्यांना आणि स्वानंदी मॅडमना दोघांना मिळून ऑपरेशनचं टेबल दिवसभर मोकळं पाहिजे. त्या कॅलेंडर बघून म्हणाल्या, "ऑगस्टमध्ये असा एकच दिवस आहे. नागपंचमीला या भागातली एकही बाई पोट उघडून घ्यायला तयार होत नाही, म्हणून दरवर्षी त्या दिवशी आमचं थिएटर रिकामं असतं. तुम्हाला चालेल?"

मी चालेल म्हटलं. यशराजनं माझ्याकडे बघितलं आणि तोही चालेल म्हणाला.

घरी आल्यावर सासूबाईंनी डोक्याला हात लावला. "पंचमीला आमी भाजी चिरत न्हाई, चुलीवर तवा ठेवत न्हाई, आन् तू प्वाट चिरून घेनार?" दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. या घरात अबोल्याची साथच आली आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या ओढ्याकडच्या वारुळाला जाऊन आल्या, पायातल्या चपलाही काढल्या नाहीत आणि मला म्हणाल्या, "नागोबाला इजा हू ने म्हनून चिरायचं नसतं. ही सुरी इजा कराय चाललीया का इजा काडाय? मी सांगून आलेय त्याला. जा तू."

मी म्हटलं, "आत्या, तो काय म्हणाला?"

"गप बसला. गप बसला म्हंजी व्हय."

तर दादा, त्या न्यायानं तुझंही व्हयच धरते.

पण देवाची भरपाई म्हणून आज आठ दिवस घरातल्या सुऱ्या आणि विळी त्यांनी माळ्यावर टाकल्या आहेत. पालेभाजी हातानं मोडायची, बटाटे आख्खे. काल यशराज ताटातल्या सबंध दुधीकडे बघून म्हणाला, "ह्याला आता लाथ मारू का गोल करू?"

हसून झालं की मग मात्र एक आठवतं. सुट्टी जमली की पंचमीला मला माहेरी न्यायला तूच मुराळी म्हणून यायचास. मोटारसायकलच्या हँडलला बांगड्यांचा डबा अडकवलेला. चहासुद्धा घ्यायचा नाहीस, "मुराळी दारात लय येळ थांबत नसतो" म्हणून घाई करायचास. मुराळी आला नाही की सासरच्या दारात बाई कशी उभी असते, ते या वर्षी बघायला मी घरी नसेन, हे एक बरं.

अंकिता


मिरज, दवाखाना
८ ऑगस्ट २०२४, चतुर्थी

दादा,

आज भावाचा उपवास. बोलत नसलेल्या भावासाठी तो धरायचा की नाही, हे सासूबाईंनाही सांगता आलं नाही. पण सकाळी मॅडमनी हुकूम दिला, आज नुसतं पातळ घ्यायचं, रात्री बारानंतर पाणीही नाही. म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवर तुझा उपवास घडतोय. उद्या सकाळी नागाला दूध दाखवून तो सोडायचा असतो. मी टेबलावर सोडेन.

संध्याकाळी सही केली. रक्त थांबलं नाही तर पिशवी काढायला माझी संमती आहे. जिवापेक्षा पिशवी मोठी नाही, हे तुझं म्हणणं मला कधीच नामंजूर नव्हतं. शेवटचा उपाय पहिला करू नका, एवढंच माझं होतं.

उद्या जाग येईल तेव्हा ती असेल की नसेल ते मला माहीत नाही. भीती वाटते, दादा. खूप वाटते. खिडकीतून स्टेशनच्या गाड्यांचा आवाज येतो आणि दर गाडीला वाटतं, यातून तू उतरशील. माहीत आहे, येणार नाहीस. तरी वाटतं.

उद्या रक्ताच्या बाटल्या लागतील. माझा गट बी निगेटिव्ह, तुझ्यासारखाच. यशराज चार दिवस फोन करतोय, एकच बाटली मिळाली आहे. मॅडम म्हणाल्या, निदान आणखी एक हाताशी असल्याशिवाय सुरुवात करणार नाही. हे पत्र तुला मिळेपर्यंत काय ते झालेलं असेल, म्हणून बिनधास्त लिहितेय. वहिनीला मात्र फोनवर सगळं सांगितलंय. तिला रडू आवरेना.

अंकिता


मिरज
१४ ऑगस्ट २०२४

दादा,

आहे!

आहे, आहे, आहे. जागेवर आहे, माझी आहे, नव्यानं बांधून आत ठेवली आहे.

डोळे उघडले तेव्हा तोंड कोरडं, पोटावर दगड ठेवल्यासारखं. शब्द फुटेना. सासूबाईंनी माझ्या डोळ्यांतूनच ओळखलं आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडल्या, "हाय बाय, हाय! जाग्यावर हाय!" सिस्टर रागावली. यशराज भिंतीकडे तोंड करून उभा होता. आठ वर्षांत त्याला रडताना मी पहिल्यांदा बघितलं.

मॅडम नंतर येऊन बसल्या. पिशवीच्या खाली पट्टा आवळून रक्त रोखलं होतं, तरी मधे एकदा फार वाहिलं. सांगलीचे डॉक्टर म्हणाले, काढू या. मॅडम म्हणाल्या, दुसरी बाटली लावा आणि मला थोडा वेळ द्या. बाटली लागली, रक्त थांबलं, मग त्यांनी पदर एकावर एक शिवून भिंत उभी केली. मी विचारलं, "दिसते कशी?" म्हणाल्या, "लहानशी झाली. छान दिसते." लग्नात मला कुणी इतकं चांगलं म्हटलं नव्हतं.

आता त्या दुसऱ्या बाटलीचं. शुक्रवारी सकाळी मला आत न्यायच्या आधी सांगलीचा एक माणूस दवाखान्यात आला. धैर्यशील नाव, ताठ कणा, बारीक कापलेले केस. यशराजला म्हणाला, गुडघा दाखवायला आलो होतो, माझं रक्त बी निगेटिव्ह आहे, कुणाला पाहिजे असं खाली ऐकलं. यशराज भोळा. त्यानं पाया पडून आभार मानले.

काल तो मला बघायला आला. दोन्ही गुडघे व्यवस्थित, जिना चढून आला. दारातच थांबून, नजर खाली घालून विचारलं, "ताई, डोळा शाबूत हाय न्हवं?"

डोळा, दादा. कांड्याचा डोळा! हे मी जगात एकाच माणसाला लिहिलं होतं.

मी म्हटलं, "कोणत्या युनिटला होता तुम्ही?" बिचारा कानापर्यंत लाल झाला. "आवं ताई, त्यांनी शपथ घातलीय," म्हणाला आणि केळ्यांची फणी टेबलावर ठेवून पळाला.

म्हणजे वाचतोस तर. उशाखाली ठेवत नाहीस. एक फोन उचलायला जड झाला आणि रक्त पाठवलंस. अरे वेड्या, मी रडले तर टाके दुखतात, एवढं तरी बघायचं.

पंचमीला मुराळी आला नाही असं आता मी म्हणणार नाही. मिरजेपर्यंत आला होता.

तुझीच
अंकिता


मलकापूर
५ फेब्रुवारी २०२५

दादा,

तुझं उत्तर नाही, पण मला आता राग येत नाही. तू वाचतोस, मला पुरे.

इंजेक्शनं थांबल्यावर दिवाळीनंतर पाळी आली. मी आधीच अंथरूण घालून, गरम पाण्याची पिशवी भरून, जुन्या साड्या काढून वाट बघत बसले होते. दुपार झाली. संध्याकाळ झाली. सासूबाई सारख्या येऊन विचारत, "लागलं का दुकाय?" शेवटी मी उठून भाकरी थापायला बसले. दुसऱ्या महिन्यातही तसंच, तिसऱ्यातही. थोडं कंबरेत भरतं, बस. रक्त बारावर गेलं आहे. रोपवाटिकेत पुन्हा मीच मुकादम. ट्रे उचलायला परवानगी आहे, तरी बायका मला हात लावू देत नाहीत.

काल रथसप्तमी होती. शेवटचं हळदीकुंकू. आईची मोतिया रंगाची साडी इतकी वर्षं ट्रंकेत होती. फिकट रंग, कधी डाग पडेल सांगता येत नाही, म्हणून मी कधी नेसले नाही. गडद कपड्यांतच माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. काल ती नेसले. पाळीचा दुसरा दिवस होता, विटाळ मी मानत नाही, मुद्दाम नेसले. तीन घरी गेले, सतरंजीवर मांडी घालून बसले, उखाणा घेतला. आणि उठताना मागं वळून बघितलं नाही.

हे पुरुषाला समजणार नाही, तरी तुला सांगते. प्रत्येक वेळी उठताना मागं बघायचं असतं. बसची सीट, लग्नातली खुर्ची, शेजारणीची सतरंजी. पंधरा वर्षं बघितलं. काल बघितलं नाही. घरी येऊन आईच्या फोटोपुढं उभी राहिले आणि पदर पसरून तिला मागची बाजू दाखवली. स्वच्छ होती, दादा. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं हसले.

गावाला आता एकच घाई, पाळणा कधी. मॅडम म्हणतात, वर्षभर तरी पिशवीला भरू दे, मग बघू. आम्ही प्रयत्न करू किंवा करणार नाही. ते माझं आणि यशराजचं. बाळ झालं तरच हे ऑपरेशन जिंकलं, असं मी कुणाला म्हणू देणार नाही. मी जिंकून बसलेय आधीच.

अंकिता


मलकापूर
२१ जुलै २०२५

तीर्थरूप दादास अंकिताचा साष्टांग नमस्कार,

बघ, पहिल्या पत्रात राहिलेलं आता दिलं.

हे पत्र युनिटला नाही, शिराळ्याच्या घरी पाठवतेय. वहिनीनं सगळं सांगितलं. तू २६ तारखेला सुट्टीवर येतोस. आणि हेही सांगितलं की तुला मलकापूरला यायचंय, पण व्हरांड्यात बोललास ते तोंड घेऊन यशराजच्या दारात कसं उभं राहायचं, म्हणून तू पाय मागं घेतोस.

यशराजला विचारलं. तो म्हणाला, "मेव्हण्यानं मला शिवी दिली, बायकोला रक्त दिलं. हिशेब माझ्याच अंगावर निघतोय." तोच न्यायला येतो म्हणत होता. मी नको म्हटलं. मुराळी रक्ताचाच लागतो.

म्हणून २८ तारखेला, चतुर्थीला, मी येतेय. एकटी, एसटीनं, पेठ नाक्यावर गाडी बदलून. मागच्या बाकावर अंग चोरून नाही, पुढं, खिडकीपाशी. साडी मोतिया. तुझा उपवास असेल मला, पण या खेपेस कुणा डॉक्टरच्या हुकमानं नाही. पंचमीला तो आमच्या घरी सोडायचा, तू समोर बसल्यावर. सासूबाई पुरणाची दिंडं करणार आहेत. सुऱ्या आतापासूनच माळ्यावर गेल्यात. ओढ्याकडच्या चिंचेला झोका बांधलाय आणि फुगडीला मी गल्लीतल्या सगळ्या बायकांना आव्हान दिलंय. मॅडमना विचारूनच दिलंय, डोळे वटारू नकोस.

शिराळ्याचा माणूस ऐन पंचमीला शिराळा सोडून बहिणीच्या सासरी गेला, म्हणून गाव हसेल. हसू दे. मागच्या पंचमीला मी पोट चिरून घेतलं तेव्हा आभाळ कोसळलं नाही, आता काय कोसळतंय?

बहिणीनं मुराळी होऊन भावाला न्यायचं, असं आजवर कुठं झालेलं नाही म्हणे. आता होईल.

कपडे भरून ठेव. मी चहाला बसणार नाही. मुराळी दारात लय येळ थांबत नसतो.

तुझी
अंकिता